ऊतीपरीक्षणासाठी माशांचे नमुने घेताना

ऊतीपरीक्षणाच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊती तपासण्याच्या, अहवालावर कितपत विसंबता येईल, हे बहुतांशी तळ्याच्या काठावरच ठरते, म्हणून मेलेला मासा कृपया पाठवू नका. मृत्यूनंतर काही मिनिटांतच कल्ल्यांच्या नाजूक पटलिका (श्वसनाचे पातळ पापुद्रे) विघटित होऊ लागतात आणि रोगाची लक्षणे कोणती व कुजण्याची कोणती, हे ओळखणे अवघड होते. सुस्त झालेले पण जिवंत मासे निवडा, भुलीचे औषध जास्त मात्रेत देऊन त्यांना वेदनारहित मृत्यू द्या, आणि तुलनेसाठी निरोगी दिसणारे काही मासेही आवर्जून घ्या. त्यांच्यावाचून यकृतपेशींतील मेदाच्या पोकळ्या आजारामुळे आहेत की निव्वळ खाद्यामुळे, हे सांगणे कठीण जाते.

कल्ल्याची कमान दोन्ही टोकांना कात्रीने कापून उचला. कमानीवरील तंतूंना (पटलिका धारण करणाऱ्या बारीक धाग्यांना) चिमटा लावू नका. तुकडे 5 मिलिमीटरहून जाड नसावेत आणि ऊती टिकवून ठेवणारे 10 टक्के बफरयुक्त (आम्लता स्थिर ठेवलेले) फॉर्मॅलिन ऊतीच्या किमान दहापट असावे. नमुने गोठवू नयेत, कारण बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात.

पटलिकांचे आवरण सुटलेले दिसले, तरी लगेच विषबाधेचा निष्कर्ष काढू नये, कारण फॉर्मॅलिनमध्ये टाकण्यास उशीर झाला तरी तसेच दिसते. म्हणूनच नमुन्यासोबत वेळ, पाण्याचे तापमान, विरघळलेला ऑक्सिजन आणि अमोनिया यांची नोंद पाठवा.