सगळे पूर्वीसारखे वावरतात, आम्हीच अजून मास्क लावतो

"करोना सरून एवढी वर्षे झाली, सगळे पूर्वीसारखे वावरतात आणि आमचेच घर अजून मास्क लावून, गर्दी टाळून बसले आहे. आमचे काही चुकते आहे का? आणि असेच राहायचे असेल तर आम्हाला माणसे उरतील का?" हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे सतत येतो. विचारणाऱ्यांमध्ये कोणाच्या घरात मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले असते, कोणाच्या मुलाला केमोथेरपी चालू असते, तर कोणी स्वतःच दीर्घ कोविडने, म्हणजे संसर्गानंतरही दीर्घकाळ न जाणाऱ्या त्रासाने, थकलेले असते.

या प्रश्नाचा पहिला भाग डॉक्टरांचा आहे. कोणाला किती धोका आहे आणि किती काळजी पुरेशी आहे, हे त्या माणसाचा आजार आणि औषधे माहीत असलेल्या डॉक्टरांनीच सांगावे. दुसरा भाग, म्हणजे माणसे उरतील का, हा मात्र माझ्या, म्हणजे समुपदेशनाच्या, कामाचा आहे. माझा अनुभव असा की पहिल्या भागावर सल्ला द्यायला शेजारीपाजारी, नातेवाईक सगळे पुढे येतात आणि दुसऱ्या भागाकडे कोणी बघतही नाही.

सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले तालुक्यातील एका वाडीतून एक बाई माझ्याकडे येत असत. हा अनुभव मी त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या परवानगीने लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना ताई म्हणत असे, इथेही तसेच म्हणते. त्यांचे यजमान निवृत्त शिक्षक, वाडीतले गुरुजी. करोना येण्यापूर्वीच गुरुजींना त्यांच्या थोरल्या बहिणीने मूत्रपिंड दिले होते. शरीराने ते मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट यांसारखी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. याच कारणाने अशा रुग्णांमध्ये लशीचा परिणामही इतरांपेक्षा कमी होतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गुरुजींना कोविड झाला, ऑक्सिजन लावावा लागला आणि ते वाचले, पण मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन वाढले ते पूर्णपणे खाली आलेच नाही. पुन्हा संसर्ग झाला तर बहिणीने दिलेले मूत्रपिंड जाईल, ही भीती त्या घरात प्रत्येक जेवणाच्या वेळी पानावर बसलेली असे.

ताईंचे एक वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. त्या म्हणाल्या, "२०२० साली मला एकटे वाटले नाही, कारण तेव्हा अख्खे गाव आमच्यासारखे वागत होते." वाडीच्या तोंडावर बांबू आडवे बांधलेले होते, त्या वर्षी गणपतीला आलेले चाकरमानी दहा दहा दिवस वेगळे राहिले होते आणि दाराबाहेर उभे राहून बोलण्यात कोणालाच अपमान वाटत नव्हता. २०२२ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास राज्यातले निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. रोग संपलेला नाही, हेही संघटनेने त्याच वेळी सांगितले होते, परंतु वाडीत पोहोचले ते पहिले अर्धेच वाक्य. ताईंचा एकटेपणा खरा सुरू झाला तो तिथून.

घराण्याचा गणपती मूळ घरात बसतो. त्या वर्षी गुरुजी घरीच राहिले आणि ताई एकट्या गेल्या. आत पंचवीस-तीस माणसे, खिडक्या धुपाच्या धुराने भरलेल्या, झांजांचा आवाज टिपेला गेलेला. ताई खळ्यात, माजघराच्या खिडकीबाहेर उभ्या राहिल्या आणि तिथूनच टाळ्या वाजवत आरती म्हणू लागल्या. जाऊ प्रसादाची वाटी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आत ये गो, सगळी घरचीच माणसां आसत." ताईंना उत्तर सुचले नाही. मोठे दीर ओटीवरून सर्वांना ऐकू जाईल असे बोलले, की आपल्याच घरच्यांचा विटाळ मानणारी माणसे आता घराण्यात निघाली. हे मला सांगताना त्या रडल्या आणि मग त्यांनी विचारले, "मला वेड लागले आहे का?"

आमचे बोलणे माझ्या घराच्या पडवीत होत असे, दोघींनीही मास्क लावलेला असे. मी मास्क लावला म्हणून त्यांची भीती वाढेल, असे काही सहकाऱ्यांचे मत होते. मला ते पटत नाही. जिला आपल्या सुरक्षिततेबद्दल समोरच्याशी हुज्जत घालावी लागत नाही, तीच बाई मोकळेपणाने आपली भीती तपासू शकते. ती आम्ही खरोखर तपासली. काळजी आणि चिंताविकार यांतला फरक मी नेमका तिथे पाहते, जिथे परिस्थिती बदलल्यावर वागणे बदलते की नाही. ताई मोकळ्या शेतात मास्क काढत असत, एसटीत घट्ट लावत असत, दवाखान्यात जाताना नवा घेत असत. हे वागणे सारासार विचार करणाऱ्या माणसाचे आहे. मात्र रोज संध्याकाळी त्या भाजी सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुडवून धूत, दुधाच्या पिशव्या पुसत, आलेली टपाले उन्हात ठेवत आणि त्यात त्यांचे दोन तास जात. ही २०२० ची सवय तशीच राहिली होती. हा विषाणू मुख्यतः श्वासावाटे हवेतून पसरतो. वस्तूला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दर स्पर्शामागे साधारण दहा हजारांत एकापेक्षाही कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्येच म्हटले होते. गुरुजींच्या डॉक्टरांशी बोलून ताईंनी ते धुणेपुसणे सोडले, जेवणाआधी हात धुणे ठेवले आणि मास्क ठेवला. संध्याकाळचे दोन तास हाती आले, आणि मग त्या वेळात भेटायला कोणी नाही ही गोष्ट अधिकच बोचू लागली.

ताईंची आशा अशी होती की एक ना एक दिवस वाडीला आपले म्हणणे पटेल. ही आशा त्यांना सर्वांत जास्त थकवत होती असे माझे मत झाले. वाडीला पटवणे हे कोणा एका बाईचे काम असू शकत नाही. शिवाय "जरा काळजी घ्या हो" असे सर्वांना मोघम सांगितले, तर समोरच्याला त्यात फक्त ठपका ऐकू येतो, नेमके करायचे काय ते कळत नाही. म्हणून आम्ही एकच माणूस निवडले आणि त्याच्याकडे एकच गोष्ट मागायची असे ठरवले. ताईंनी जावेची निवड केली, कारण वाटी घेऊन बाहेर आली होती ती तीच. मागणे असे होते: "तुमच्याकडे कोणाला सर्दी-ताप असेल त्या दिवशी मला सकाळी फोन कर, आणि नसेल त्या दिवशी खळ्यात माझ्याबरोबर चहा घे." जाऊ लगेच तयार झाली. तिला इतके दिवस वाटत होते की ताईंना तिचे तोंडच बघायचे नाही.

यानंतरचे काम सोबती शोधण्याचे होते. एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगणे आमच्या व्यवसायात बसत नाही, त्यामुळे मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांना कोणाचेही नाव न सांगता एवढेच विचारले की तुमच्यासारखी काळजी घेणाऱ्या माणसांशी ओळख हवी आहे का. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या एका मुलाची आई, दीर्घ कोविडमुळे पुण्याची नोकरी सोडून घरून थोडेथोडे काम करणारा एक तरुण, आणि दम्याच्या जुनाट त्रासामुळे स्वतःला जपणाऱ्या एक निवृत्त परिचारिका हो म्हणाल्या. या लोकांना एकत्र आणणारी गोष्ट करोनाबद्दलचे मत नव्हते. राजकारण, देवधर्म, लशीबद्दलचे विचार, सगळ्यांत त्यांचे मतभेद होते. प्रत्येकाला एखाद्या साध्या सर्दीचीही किंमत मोजावी लागते, हा एकच धागा होता आणि तो पुरला. परदेशातल्या काही शहरांत असे लोक एकत्र येऊन मास्क फुकट वाटतात, भेटींच्या जागा ठरवतात. आपल्याकडे त्याचे रूप लहानच असणार, आणि ते लहान असण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

पहिली भेट सागरेश्वरच्या किनाऱ्यावर, पर्यटक नसतात अशा दिवशी झाली. समुद्राचा वारा असताना मोकळ्यावर अंतर ठेवून बसले तर धोका फारच कमी, त्यामुळे मास्क उतरले. कर्करोगाच्या औषधांनी केस गेलेला तो लहान मुलगा घरच्यांशिवाय दुसऱ्या माणसांचे पूर्ण चेहरे टक लावून पाहत राहिला, आणि थोड्या वेळाने परिचारिकाबाईंना विचारू लागला की तुमचे दात खरे आहेत का. सगळे हसले. खाण्याचे मात्र आधीच ठरले होते की ज्याने त्याने आपापले आणायचे. ताईंनी तरीही सर्वांसाठी घावणे नेले होते, वेगवेगळ्या पुडीत बांधून.

वाद लवकरच झाला. तरुणाचे म्हणणे होते की प्रत्येकाने भेटीआधी घरी चाचणी करावी. मुलाच्या आईला तो खर्च झेपणारा नव्हता. शेवटी असे ठरले की एकत्र असताना जो सर्वांत जास्त धोक्यात आहे त्याच्या गरजेप्रमाणे वागायचे, चाचणी फक्त छताखाली भेटायचे असेल तेव्हाच करायची आणि तिचा खर्च वाटून घ्यायचा. चाचणी निगेटिव्ह आली म्हणून संसर्ग नाहीच असे मानता येत नाही, त्यामुळे मास्क तेव्हाही राहणार. आपापल्या घरी कोणी कसे वागावे याची चौकशी कोणी करायची नाही.

त्या गटाची खरी परीक्षा झाली ती एका लग्नानंतर. परिचारिकाबाईंना भाचीच्या लग्नात, बंद हॉलमध्ये, फोटोसाठी मास्क काढावा लागला आणि मग जेवणाच्या पंगतीत तो काढलेलाच राहिला. त्यांनी दुसऱ्या दिवशी सर्वांना ते सांगितले. तरुण संतापला आणि त्याने बरेच कठोर लिहिले. मी त्याच्याशी वेगळे बोलले. त्यांनी हे सांगितले नसते तर काय झाले असते, एवढेच मी त्याला विचारले. अशा गटात सुरक्षितता मास्कवर जेवढी अवलंबून असते, तेवढीच ती "माझ्याकडून राहून गेले" असे न घाबरता सांगता येण्यावर असते. ज्याला बोलणी खावी लागतात तो पुढच्या वेळी गप्प राहतो आणि मग धोका कोणालाच दिसत नाही. गटाने पुढे असे ठरवले की कोणी असे सांगितले की आधी त्याचे आभार मानायचे, मग काही दिवस भेटी पुढे ढकलायच्या, कारण विचारायचे नाही. करोनाची काळजी घेणाऱ्या प्रत्येक घराने आपल्या घरातही हा नियम ठेवावा असे मला मनापासून वाटते, कारण मुले खोटे बोलायला लागतात ती नेमकी इथेच.

पावसाळ्याने नवा प्रश्न उभा केला. कोकणात जूनपासून बाहेर बसण्याचा विचारच करता येत नाही. भेटी ताईंच्या पडवीत हलल्या, पण पडवीला पावसाची झड लागू नये म्हणून माडाच्या चुडतांचे झाप बांधलेले असतात आणि त्यांनी वाराही अडतो. तरुणाकडे कार्बन डायऑक्साइड मोजणारे लहानसे यंत्र होते. बाहेरच्या हवेत तो आकडा साधारण ४२० (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. माणसे बंद जागेत बसली की उच्छ्वासामुळे तो चढत जातो. यंत्र विषाणू दाखवत नाही, पण आपण एकमेकांची किती उच्छ्वासाची हवा घेतो आहोत याचा अंदाज देते. त्या आकड्यांकडे बघत गुरुजींनी पश्चिमेचे झाप ठेवले, पूर्वेची बाजू पूर्ण उघडी केली, मागचे दार सताड ठेवले आणि टेबलफॅन बाहेरच्या दिशेने तोंड करून लावला. आकडा खाली येऊ लागला तसे त्यांनी शाळेतल्यासारखे मुलाला त्याचे कारण समजावले. दमट हवेत एन-९५ मास्क लवकर ओलसर होतो, तो बदलावा लागतो. चष्म्यावर वाफ येत असेल तर नाकाजवळून हवा निसटते आहे असे समजून पट्टी नीट दाबावी लागते. या गोष्टी परिचारिकाबाईंनी सर्वांना शिकवल्या. ज्या संध्याकाळी पाऊस बाहेर पडू देत नाही, त्या संध्याकाळी फोनवर हरिपाठ होतो, रेंज असेल तोवर.

गुरुजींना दशावताराचे वेड. जत्रेतला नाट्यप्रयोग उघड्यावरच असतो, त्यामुळे ते आता गर्दीच्या कडेला, वाऱ्याची बाजू बघून, मास्क लावून खुर्चीवर बसतात आणि संकासुर येऊन गेला की घरी परततात.

मोठे दीर अजून बोलत नाहीत. ताईंना त्याचे दुःख आहे आणि ते राहील असे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. जावेने मात्र आपल्या दोन्ही सुनांना समजावले, आणि पुढच्या गणपतीत खिडक्या-दारे उघडी ठेवून एक आरती खळ्यात करण्याची परवानगी ती घरात मागणार आहे. मिळेल की नाही ते ठरायचे आहे.

ज्यांना असा गट नाही त्यांनी सुरुवात आपल्या उपचारांच्या ठिकाणापासून करावी. डायलिसिस विभागातल्या सिस्टरला किंवा कर्करोग विभागातल्या समाजसेवकाला आपला नंबर द्यावा आणि "माझ्यासारखे कोणी विचारत असेल तर त्याची इच्छा असल्यास द्या" एवढे सांगावे. नात्यातल्या एका माणसाकडे एक नेमकी गोष्ट मागावी, आणि पहिल्याने नाही म्हटले तर दुसऱ्याकडे मागावी. एकटेपणामुळे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वाट न बघता १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. ही शासनाची मोफत सेवा चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. बोलताना आपण अजून मास्क का लावतो हे आधी सांगून टाकावे, म्हणजे पुढचे बोलणे एकटेपणाबद्दल होईल.