दुष्काळी वर्षी मे महिन्यात १३-१५ वयाची २० मुलं हरिश्चंद्रगडावर न्यायचीत. गडावरच्या टाक्यांच्या पाण्यावर भागेल का?

नाही, टाक्यांवर हिशेब मांडू नका. एका दिवसासाठी माणशी ४ लिटर पाणी खालूनच न्या. उन्हात चढताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं आणि दुष्काळी वर्षी मे अखेर टाक्यांत गाळच उरलेला असू शकतो. तसलं पाणी प्यावंच लागलं तर कापडातून गाळून उकळा. गढूळ पाण्यात क्लोरीनची गोळी नीट काम करत नाही. पायथ्याचं गाव टँकरवर असेल तर तिथं ८०-९० लिटर मागणं बरं नव्हे, कॅन शहरातूनच भरून आणा. वाट पाचनईची धरा, खिरेश्वरची लांब पडते. पहाटे ५ ला चढायला लागा, १२ च्या आत खाली.

- २-२ लिटरच्या दोन बाटल्या. दुसरी उतरताना उघडायची. मुलं पहिल्या तासातच सगळं संपवतात.
- ओआरएसची मोठी पुडी पूर्ण १ लिटरमध्येच. कमी पाण्यात क्षार जास्त होतात, उलट्या होऊ शकतात.
- शेकोटी अजिबात नको, गवत वाळलेलं असतं.

मुक्काम असेल तर मात्र हा हिशेब मोडतो: स्वयंपाकासह माणशी ७ लिटर धरावे लागतात, तेवढं ओझं या वयाला झेपत नाही.