काजूचे रोप बियांपासून करताना

बाजारातला काजूगर रुजत नाही. त्यासाठी त्याच हंगामातील, टरफलासह उन्हात वाळवलेली काजूबी घ्यावी आणि ती पाण्यात टाकून जी तळाशी बसेल तीच निवडावी. निवडलेली बी एक-दोन दिवस भिजवून, देठाकडची बाजू वर ठेवून, साधारण 3 सेंटिमीटर खोल लावावी.

नवख्यांच्या दोन चुका नेहमीच्या आहेत:

- पाणी साचू देणे, ज्याने बी रुजण्याआधीच कुजते.
- वाफ्यात रोप वाढवून मग उपटणे. सोटमूळ दुखावले की रोप क्वचितच सावरते, म्हणून बी थेट खोल पिशवीतच लावावी.

दोन-तीन आठवडे कोंब दिसला नाही, तरी माती उकरू नका. बियांचे झाड मातृवृक्षासारखेच निघेल असे नाही. वेंगुर्ला-4 सारखी जात हवी असेल तर कलमच लागते, पण ते पुढे पाहू.