रोज सकाळी बाळाच्या अंगावर नव्या गांधी? आधी गादी उलटून बघ

अगं, घाबरू नकोस, पण 'डासच असतील' म्हणून सोडूनही देऊ नकोस. माझा लेक दोन वर्षांचा असताना रोज सकाळी दंडावर तीन-चार लाल गांधी, जवळजवळ एका ओळीत. आठवडाभर मी डासांचाच बंदोबस्त करत बसले. मग एका रात्री टॉर्च घेऊन गादीची शिवण बघितली, तर तिथे बारीक काळे ठिपके, शाईचं पेन टेकवल्यासारखे. ढेकूण!

म्हणून शिवणी, पलंगाच्या फटी आधी तपास. चादरी, अभ्रे, गोधडी 60 अंशांच्या कढत पाण्यात धू, त्यात अंडीही मरतात. बाळ झोपतं त्या गादीवर औषध मात्र फवारू नकोस. घरात मांजर-कुत्रा असेल आणि चावे घोट्याजवळ असतील, तर पिसवांचा संशय घे.

बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर पुरळ, रात्री खाज जास्त, आणि घरात आणखी कुणीतरी खाजवतंय? मग ती बहुधा खरूज. डॉक्टरांना दाखव. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं, नाहीतर ती फिरून येते.

खाजेवर गार पाण्याची पट्टी, कॅलामाइन लोशन, आणि नखं बारीक कापलेली. कुणी कितीही सांगितलं तरी चुना-लिंबू नको गं, कोवळी कातडी भाजते. पू, पसरणारी लाली, किंवा गवतात खेळून आल्यावर काही दिवसांनी ताप आणि काळी खपली (स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने येणारा ताप, असू शकतो) दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर क्षणही थांबू नकोस.