एकदेह होणे आणि मोकळे राहणे

प्रश्न : आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली. माझे पत्नीवर मनापासून प्रेम आहे. पण ती चर्चच्या गायकवृंदाच्या सरावाला गेली किंवा मैत्रिणींशी बराच वेळ बोलत बसली, की मी अस्वस्थ होतो. तिच्या नकळत मी तिचा फोन पाहतो. तिने जवळीक नाकारली, तर ‘स्त्रीला आपल्या शरीरावर अधिकार नाही’ हे बायबलमधील प्रेषित पौलाचे वचन तिला ऐकवतो. ती म्हणते, तिचा जीव गुदमरतो. शास्त्र पती-पत्नीला एकदेह म्हणते, मग माझे काय चुकते?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : प्रिय बंधू, आपण काहीही न लपवता लिहिले आहे, म्हणून मीही स्पष्टच लिहितो.

आपण पत्नीला ते वचन अर्धेच ऐकवता. करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात पौल लगेच पुढे म्हणतो, की तसेच पतीलाही आपल्या शरीरावर अधिकार नाही, तो पत्नीला आहे. पतीचा पत्नीवर अधिकार असतो हे ऐकून त्या काळच्या करिंथ शहरात कोणालाही नवल वाटले नसते, कारण रोमी समाजात घरच्या पुरुषाची सत्ता गृहीतच धरलेली होती. कान टवकारले गेले असतील ते वचनाच्या उत्तरार्धाने. शिवाय पुरुषाने स्त्रीला स्पर्श न केलेला बरा, असा विचार त्या मंडळीत पसरला होता. धर्माच्या नावाखाली जोडीदारापासून दूर राहू पाहणाऱ्यांना पौल सांगतो, की दूर राहायचे तर तेही परस्परसंमतीने आणि थोड्याच काळासाठी. दोघांनी एकमेकांना स्वतःला द्यावे, असे त्याचे म्हणणे आहे. एकाने दुसऱ्याकडून वसूल करावे, असे तो कोठेही म्हणत नाही. ज्या रात्री पत्नी वचनाच्या धाकाने होकार देते, त्या रात्री तिने आपल्याला काहीही दिलेले नसते, आणि आपल्या मनाला वाटणारी रितेपणाची टोचणी बहुधा तिथूनच येते.

बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या २ ऱ्या अध्यायात ‘ती दोघे एकदेह होतील’ असे म्हटले आहे. त्यातील ‘दोघे’ या शब्दावर आपण थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे. हव्वेला देवाने घडवले तेव्हा आदाम गाढ झोपेत होता; तिच्या घडणीत त्याचा हात नव्हता आणि देवाशी असलेले तिचे नाते त्याच्यामार्फत सुरू झालेले नव्हते. आपल्या पत्नीच्या अंतःकरणातही अशी एक जागा आहे, जिथे ती आणि तिचा प्रभू एवढेच असतात. गायकवृंदात ती गाते तेव्हा कदाचित त्याच जागी असते.

देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो, मग पतीने का असू नये, असे कोणी विचारील. परंतु ती ईर्ष्या देवाची आहे, कारण संपूर्ण अंतःकरण मागण्याचा हक्क फक्त त्यालाच आहे. पत्नीचा प्रत्येक विचार आपल्याकडेच वळावा, तिच्यावाचून आपल्याला क्षणभरही शांती लाभू नये, अशी अपेक्षा जेव्हा आपण धरतो, तेव्हा नकळत आपण तिच्या जीवनात देवाची जागा मागत असतो आणि आपल्या जीवनात ती जागा तिला देत असतो. तो भार कोणत्याही माणसाला पेलत नाही. प्राचीन काळचे ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्तीन यांनी तरुणपणी गमावलेल्या मित्राविषयी लिहिताना हीच कबुली दिली आहे, की मरणाधीन माणसावर आपण जणू तो कधी मरणारच नाही असे प्रेम केले.

आपल्या अहिल्यानगरशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची मला येथे आठवण होते. त्यांनी १८९५ साली हिंदू धर्म सोडून बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. टिळक तापट होते. त्या धक्क्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु पुढची काही वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, नंतर एकत्र आल्यावरही आपल्या हिंदू श्रद्धेने राहिल्या, आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाला पटल्यावर. पतीने वाट पाहिली म्हणूनच त्यांचा तो निर्णय खऱ्या अर्थाने त्यांचा झाला.

आता आपण काय करावे? प्रथम, फोन पाहत होतो हे पत्नीला सांगावे आणि क्षमा मागावी. ती रागावली तर तो राग निमूटपणे ऐकून घ्यावा. जवळीक तिने नाकारली, तर कारण विचारू नये, रुसू नये, आणि ते वचन पुन्हा तिच्यापुढे काढू नये. अस्वस्थता आपली आहे. ती पाळकांपुढे किंवा समुपदेशकापुढे मांडावी. रागाच्या भरात हात उगारला जात असेल, तर हे आजच करावे, आणि पत्नीने माहेरची अथवा कायद्याची मदत घेतली तर तिला अडवू नये.

पुढच्या सरावाच्या संध्याकाळी ती घराबाहेर पडेल तेव्हा, ती लवकर परत यावी अशी प्रार्थना न करता, तिचे गाणे चांगले व्हावे अशी प्रार्थना करून पाहावी. पहिल्या काही वेळा शब्द ओठांवर येणार नाहीत. तरीही करावी.