वाचकांचे प्रश्न : एका देशाचे गुण दुसऱ्या देशात कसे मोजले जातात?

परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेऊ पाहणाऱ्या, तेथे शिकणाऱ्या आणि तेथून परतणाऱ्या वाचकांकडून गुणांच्या रूपांतराविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा सीजीपीए (सर्व सत्रांची एकत्रित श्रेणी-सरासरी) १० पैकी ८.२ आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या अर्जात ४ पैकी जीपीए विचारला आहे. ०.४ ने गुणले तर ३.२८ येतो, पण एका संकेतस्थळावर तोच आकडा ३.६ दाखवतात. कमी लिहिला तर संधी जाईल आणि जास्त लिहिला तर खोटी माहिती दिल्याचा ठपका येईल, अशी भीती वाटते. कोणता आकडा लिहू?

उत्तर : आधी अर्जातील सूचना शांतपणे वाचा. बहुतेक अर्जांत गुणांच्या शेजारी 'कोणत्या मापनावर' असा रकाना असतो किंवा 'गुण मूळ पद्धतीतच लिहावेत' अशी स्पष्ट सूचना असते. तसे असेल तर '१० पैकी ८.२' एवढेच लिहावे. रूपांतराचे काम विद्यापीठ स्वतः करते किंवा मान्यताप्राप्त मूल्यमापन संस्थेकडून करून घेते, आणि त्या कामात उमेदवाराने स्वतः काढलेल्या आकड्याला काहीही वजन नसते.

३.२८ आणि ३.६ या दोन्ही आकड्यांवर विसंबू नका, असे मी म्हणेन. अमेरिकी जीपीए म्हणजे एकूण सरासरीला ४ च्या मापात बसवलेला आकडा नव्हे. तेथे प्रत्येक विषयाला स्वतंत्र अक्षरश्रेणी मिळते. 'ए'ला ४, 'बी'ला ३, 'सी'ला २, 'डी'ला १ आणि 'एफ'ला शून्य असे अंक धरून ते त्या विषयाच्या क्रेडिटने, म्हणजे अभ्यासभार दाखवणाऱ्या श्रेयांकाने, गुणतात आणि मग सरासरी काढतात. म्हणून एकूण सरासरी सारखी असलेल्या दोघांचा जीपीए वेगळा येऊ शकतो. समजा, एखाद्या मूल्यमापन तक्त्यात ६० आणि त्यापुढील गुणांना 'ए' आणि ५० ते ५९ गुणांना 'बी' धरले आहे, आणि समान क्रेडिटचे दोनच विषय आहेत. एका विद्यार्थ्याला ८२ आणि ५८ गुण आहेत, दुसऱ्याला दोन्ही विषयांत ७०. सरासरी दोघांचीही ७०. पहिल्याचा जीपीए मात्र ३.५ आणि दुसऱ्याचा ४.० येतो, कारण ८२ मधले जास्तीचे गुण 'ए'च्या वर कुठेच मोजले जात नाहीत आणि ५८ मात्र खालच्या पायरीवर जातात. सरळ ०.४ ने गुणणाऱ्या पद्धतीत हे काहीच दिसत नाही.

अर्जात केवळ ४ पैकी आकडाच टाकता येत असेल आणि रीत दिलेली नसेल, तर प्रवेश कार्यालयाला ईमेल करून विचारा आणि आलेले उत्तर जपून ठेवा. उत्तर येण्याआधीच मुदत संपत असेल, तर अतिरिक्त माहितीच्या जागेत मूळ सीजीपीए आणि तुम्ही वापरलेली रीत एका वाक्यात नमूद करा. रीत उघड केली की खोटेपणाचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : आमची मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठी फ्रान्सला गेली आहे. शाळेपासून ती नव्वदीच्या आसपासच राहिली. पहिल्या सत्रात तिला २० पैकी १३.५ सरासरी मिळाली, म्हणजे जेमतेम ६७ टक्के. ती म्हणते की हे चांगले गुण आहेत. ती आम्हाला धीर देण्यासाठी असे बोलते आहे का?

उत्तर : नाही, ती खरेच बोलते आहे आणि तिचे कौतुक करायला हवे.

फ्रान्समध्ये २० पैकी १० ला उत्तीर्ण होतात. सर्वसाधारणपणे १२ पासून 'बऱ्यापैकी चांगले', १४ पासून 'चांगले' आणि १६ पासून 'फार चांगले' असा शेरा पदवीवर येतो. १६ च्या वरचा भाग कागदावर आहे, पण विद्यापीठीय स्तरावर तो क्वचितच वापरला जातो. तुमची मुलगी १४ च्या उंबरठ्यावर आहे आणि तेही परक्या देशातल्या पहिल्याच सत्रात.

घोटाळा टक्केवारीच्या सवयीमुळे होतो. २० पैकी १३.५ ला पाचने गुणून ६७.५ काढणे अंकगणित म्हणून बरोबर आहे, पण त्या ६७.५ चा अर्थ तुम्ही तुमच्या सवयीच्या पद्धतीतून लावता. हा अनुभव केवळ फ्रान्सपुरता नाही. ब्रिटनमध्ये ७० टक्क्यांना प्रथम वर्ग मिळतो आणि तो मानाचा समजला जातो. ६० ते ६९ हा वरचा द्वितीय वर्ग असतो आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी अनेक ठिकाणी तोच पुरेसा असतो. नेदरलँड्समध्ये गुण १० पैकी देतात, पण ८ म्हणजे उत्तम आणि ९ किंवा १० विरळाच. याउलट जेथे हुशार मुलांना नव्वदीच्या पुढे सहज गुण पडतात, तेथील ६७ चा अर्थ निराळाच असतो. मापनाचा कोणता भाग शिक्षक प्रत्यक्षात वापरतात, हे कळल्याशिवाय आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

मुलीला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा. पदवी मिळताना तिने 'डिप्लोमा सप्लिमेंट' नावाचे परिशिष्ट घेतलेच पाहिजे. युरोपातील उच्च शिक्षण संस्था ते पदवीसोबत देतात. त्यात त्या देशाची गुणपद्धती समजावून सांगितलेली असते आणि उपलब्ध असल्यास कोणते गुण किती टक्के विद्यार्थ्यांना मिळतात याचा तक्ताही असतो. पुढे नोकरीसाठी किंवा पीएचडीसाठी दुसऱ्या देशात अर्ज करताना '१३.५' हा आकडा एकटा गेला तर तिच्यावर तोच अन्याय होईल जो आज नकळत घरात होतो आहे.

प्रश्न : जर्मनीतील एका अभ्यासक्रमाला जर्मन श्रेणी २.५ किंवा त्याहून चांगली हवी आहे. मला पदवीला ७२ टक्के आहेत. मित्राने हिशेब केला तर २.४ आली, मी केला तर २.६. दोघांनीही एकच सूत्र वापरले. चूक कोणाची?

उत्तर : सूत्र दोघांचेही बरोबर असणार. फरक त्यात घातलेल्या एका संख्येचा आहे.

जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४.० ही उत्तीर्ण होण्याची शेवटची श्रेणी. परदेशी गुण या मापात आणण्यासाठी 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात. सर्वोच्च शक्य गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्या वजाबाकीला सर्वोच्च गुण आणि किमान उत्तीर्ण गुण यांच्यातील अंतराने भागायचे, भागाकाराला ३ ने गुणायचे आणि त्यात १ मिळवायचा. तुमच्या बाबतीत १०० मधून ७२ गेले की २८ उरतात. किमान उत्तीर्ण गुण ४० धरले तर २८ ला ६० ने भागून ३ ने गुणल्यावर १.४ येतात आणि श्रेणी होते २.४. किमान गुण ५० धरले तर भाजक ५० होतो आणि श्रेणी २.६८ येते. दशांशानंतरचा दुसरा अंक सोडून दिला तर ती २.६ म्हणून नोंदली जाते. एवढ्याशा फरकाने एक अर्ज अटीत बसतो आणि दुसरा बाहेर पडतो.

म्हणून प्रश्न असा विचारा की तुमच्या विद्यापीठात 'किमान उत्तीर्ण' म्हणजे नेमके काय. अनेक ठिकाणी प्रत्येक विषयाला वेगळी मर्यादा असते आणि पदवी मिळण्यासाठी एकूण सरासरीची वेगळी. परीक्षा विभागाकडून ही बाब अधिकृत पत्रावर सही-शिक्क्यासह लिहून घ्या आणि सर्वोच्च शक्य गुणही त्यातच नमूद करून घ्या. हे पत्र नसेल तर जर्मनीतील कर्मचारी आपल्याकडील माहितीवरून किमान गुण ठरवतात, आणि तो निर्णय तुमच्या बाजूचा असेलच असे नाही. अंतिम आकडा नेहमी त्यांचाच धरला जातो. घरी केलेला हिशेब फक्त अर्ज करावा की नाही हे ठरवण्यापुरता उपयोगी आहे.

या सूत्राची मर्यादाही जाणून घ्या. ते फक्त दोन टोके पाहते आणि मधल्या जागेत गुण कसे पसरले आहेत याची दखल घेत नाही. वरच्या पत्रातील फ्रान्सचे उदाहरण घ्या. २० पैकी १४, म्हणजे तेथील 'चांगले', या सूत्रातून २.८ होतात आणि जर्मन भाषेत 'समाधानकारक' या गटात पडतात, कारण सूत्र २० या आकड्याला खरेच गाठता येणारे टोक समजते. आणखी एक गोष्ट मला खटकते. ज्या विद्यापीठाची उत्तीर्ण होण्याची अट कडक, त्याच्या विद्यार्थ्याला तेवढ्याच गुणांवर वाईट श्रेणी मिळते. सूत्र सोपे आहे, सगळ्यांना सारखेच लागू होते आणि कार्यालयाला वापरायला सोयीचे आहे. पण त्यातून निघालेला आकडा म्हणजे तुमच्या अभ्यासाची खरी किंमत, असे कधीही समजू नका.

प्रश्न : मी विनिमय कार्यक्रमातून एक सत्र युरोपात शिकलो. तेथे तीन विषयांत 'बी' मिळाला. परतल्यावर आमच्या महाविद्यालयाने तो जसाच्या तसा 'बी' नोंदवला आणि माझी सरासरी घसरली. तेथे पाच श्रेण्या होत्या, आमच्याकडे उत्तीर्णांसाठी सात आहेत. दाद मागता येईल का?

उत्तर : जरूर मागा, आणि ती आकड्यांसह मागा. अक्षर सारखे आहे म्हणून श्रेणी सारखी, हे मानणे उघडच चुकीचे आहे. तेथे 'बी' ही वरून दुसरी पायरी होती. तुमच्याकडे 'ओ', 'ए प्लस', 'ए' आणि 'बी प्लस' यांच्या खाली 'बी' असेल, तर ती पाचवी पायरी झाली.

यावर युरोपात बराच विचार झाला आहे. तेथील ईसीटीएस ही श्रेयांक पद्धत १९८९ मध्ये इरॅस्मस या युरोपीय विद्यार्थी-विनिमय कार्यक्रमातून सुरू झाली. विद्यार्थी एका वर्षात ६० श्रेयांक मिळवतो आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. पूर्वी उत्तीर्ण विद्यार्थ्यांची १०, २५, ३०, २५ आणि १० टक्के अशी पाच गटांत विभागणी करून 'ए' ते 'ई' श्रेण्या देण्याची शिफारस होती. लहान वर्गांत असे गट पाडणे निरर्थक ठरते. म्हणून २००९ च्या ईसीटीएस मार्गदर्शिकेत ती पद्धत बाजूला ठेवून वितरणाचा तक्ता आला. संस्थेने किमान मागील दोन वर्षांत कोणते गुण किती टक्के उत्तीर्ण विद्यार्थ्यांना दिले हे प्रसिद्ध करायचे आणि दोन संस्थांचे तक्ते शेजारी ठेवून श्रेणी जुळवायची.

तुमच्या बाबतीत ते असे होईल. समजा, तेथे वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांना 'ए' आणि पुढच्या ३५ टक्क्यांना 'बी' मिळतो. म्हणजे 'बी'ची जागा वरून २० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान आली. तुमच्या महाविद्यालयात 'ओ' वरच्या ५ टक्क्यांना, 'ए प्लस' पुढच्या १५ टक्क्यांना, 'ए' त्यानंतरच्या २५ टक्क्यांना आणि 'बी प्लस' त्यापुढच्या ३० टक्क्यांना मिळत असेल, तर 'ए' २० ते ४५ आणि 'बी प्लस' ४५ ते ७५ या जागेत येतो. तेथील 'बी'चा मोठा भाग तुमच्या 'ए'वर आणि थोडा 'बी प्लस'वर पडतो. मध्यबिंदू धरला तर तो 'ए' आहे. तुमच्या 'बी'शी तर त्याची कुठेच गाठ पडत नाही.

यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून त्या विभागाचा वितरण तक्ता मागवा, तुमच्या परीक्षा विभागाकडून तुमच्या विभागाचा मागवा आणि दोन्ही जोडून लेखी अर्ज करा. जाण्यापूर्वी तिन्ही पक्षांच्या सह्या झालेला अभ्यास करार तुमच्याकडे असेल, त्याचीही प्रत जोडा. एका श्रेणीवर दोन श्रेण्या येत असतील तर वरची, मधली की खालची धरायची, हे संस्थेने सर्वांसाठी आधीच ठरवायचे असते. तसा नियम आहे का, हेही अर्जात विचारा. विनिमयाला अजून जायचे असलेल्या वाचकांनी हा प्रश्न परदेशी जाण्यापूर्वीच विचारावा.

प्रश्न : सीजीपीए ६.४ ला ९.५ ने गुणून मी परदेशी अर्जात ६०.८ टक्के लिहिले. विद्यापीठाने खुलासा मागितला आहे. काय करू?

उत्तर : ९.५ हा गुणक भारतातील केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीच्या निकालासाठी दिलेला होता. पदवीच्या सीजीपीएशी त्याचा संबंध नाही. एआयसीटीई या भारतातील तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.२५ ला ५५ आणि ६.७५ ला ६० टक्के समकक्ष धरले आहेत, म्हणजे त्या हिशेबाने तुमचे ६० होतच नाहीत. तुमच्या विद्यापीठाचे स्वतःचे सूत्र असेल तर तेच लागू होते. त्याचे प्रमाणपत्र घ्या, चुकीचा आकडा कसा आला ते खुलाशात सरळ सांगा आणि मूळ सीजीपीए पुन्हा लिहून पाठवा. अशा चुका प्रवेश कार्यालयांना परिचित असतात आणि वेळेवर केलेली दुरुस्ती सहसा स्वीकारली जाते.

प्रश्न : मी एका कंपनीत मनुष्यबळ विभागात काम करते. एका उमेदवाराच्या जर्मन पदवीवर १.७ असा आकडा आहे, दुसऱ्याच्या रशियन पदवीवर ४.६. आमच्या अर्जप्रणालीने पहिल्याला आपोआप बाद केले. हे योग्य आहे का?

उत्तर : अजिबात नाही. जर्मनीत आकडा जितका लहान तितका चांगला, आणि १.७ तेथे 'चांगले' या गटात येतो. रशियात उलट आहे. तेथे ५ सर्वोत्तम आणि २ म्हणजे अनुत्तीर्ण. स्वित्झर्लंडमध्ये ६ सर्वोत्तम आणि ४ ला उत्तीर्ण. डेन्मार्कमध्ये १२ सर्वोच्च, २ ला उत्तीर्ण आणि सर्वांत खाली उणे ३. अशा आकड्यांना एकाच किमान मर्यादेची चाळणी लावता येत नाही. प्रणालीतील ती अट काढून टाका, गुणांसोबत देश आणि मापनाची दोन्ही टोके विचारणारे रकाने घाला, आणि आतापर्यंत बाद झालेल्या परदेशी पदवीधरांचे अर्ज एकदा हाताने तपासा.