वाचक विचारतात : जर-तर नियम शिकणारं मशीन

जर-तर स्वरूपाच्या नियमांचा एक मोठा जमाव ठेवायचा, एकेक उदाहरण दाखवून प्रत्येक नियम खरा ठरतो की खोटा याचा हिशोब ठेवायचा, आणि चांगल्या नियमांच्या जोड्या लावून त्यांतून नवे नियम काढायचे, ही लर्निंग क्लासिफायर सिस्टीमची रीत. जोड्या लावण्याचं काम जेनेटिक अल्गोरिदमकडे असतं. या विषयावर नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. पहिल्या दोघांनी आकडे आणि सेटिंग सोबत पाठवल्यामुळे त्यांना नेमकं उत्तर देता आलं.

प्रश्न : आमच्याकडे द्राक्षबागेच्या चार हंगामांच्या नोंदी आहेत. गोडी (फळांसाठीच्या) छाटणीपासून प्रत्येकी ११५ दिवस, म्हणजे ४६० ओळी. रकाने : किमान-कमाल तापमान, आर्द्रता, पाऊस, पान ओलं राहिल्याचे तास, छाटणीनंतरचा दिवस. शेवटच्या रकान्यात पुढच्या पाच दिवसांत डाऊनी (बुरशीसारखा रोग) दिसला की नाही. ‘दिसला’ अशा ५२ ओळी आहेत. न्यूरल नेटवर्क ९० टक्के अचूक येतं, पण का ते सांगत नाही. नियम काढून देणारी पद्धत इथे चालेल का? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : चालेल. पण आधी त्या ९० टक्क्यांकडे बघा. रोज डोळे मिटून ‘डाऊनी येणार नाही’ असं म्हणणाराही ४६० पैकी ४०८ वेळा बरोबर ठरतो, म्हणजे ८८.७ टक्के. तुमचं नेटवर्क त्याच्या फारसं पुढे नाही. ‘दिसला’ आणि ‘नाही दिसला’ या दोन्हींची अचूकता वेगवेगळी काढा आणि त्यांची सरासरी घ्या. डोळे मिटून बोलणाऱ्याला त्यात ५० टक्केच मिळतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तुमच्या रकान्यांत फवारणी नाही. परतीचा पाऊस आला की बागायतदार फवारतोच, त्यामुळे सगळ्यात धोक्याच्या दिवसांनंतर डाऊनी बऱ्याचदा दिसत नाही. मशीनला फवारणी माहीत नसेल तर ते ‘जोराचा पाऊस झाला तर डाऊनी नाही’ असा नियम प्रामाणिकपणे शिकेल, आणि तुमच्याच नोंदींवर तो खरा ठरेल. तो वाचून कुणी फवारणी थांबवली तर बाग जाईल. ‘शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले’ आणि ‘औषध स्पर्शजन्य की आंतरप्रवाही’ हे दोन रकाने भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. फवारणीच्या वहीत ते सापडतील.

आता पद्धत. तुमच्याकडे प्रत्येक ओळीचं खरं उत्तर आहे, म्हणून एक्ससीएसपेक्षा यूसीएस घ्या (दोन्ही याच सिस्टीमचे प्रकार). एक्ससीएस बक्षिसावर शिकतं, यूसीएस थेट उत्तरावर. एक फेरी अशी चालते : एक ओळ घ्यायची. तिला लागू पडणारे सगळे नियम बाजूला काढायचे, त्यातले बरोबर उत्तर देणारे वेगळे करायचे. असा एकही नियम नसेल तर त्या ओळीवरूनच नवा नियम बनवायचा, काही रकाने मोकळे सोडून. मग लागू पडलेल्या सगळ्या नियमांचा अनुभव एकाने वाढवायचा आणि अचूकता, म्हणजे बरोबर भागिले अनुभव, पुन्हा मोजायची. बरोबर गटातल्या नियमांना बराच वेळ जोडीदार मिळाला नसेल तर दोन निवडायचे, क्रॉसओव्हर (दोघांच्या अटींची अदलाबदल) आणि म्युटेशन (एखादी अट अधूनमधून बदलणं) करून दोन पिल्लं, म्हणजे नवे नियम, जमावात सोडायची. जमाव ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की तितके काढून टाकायचे. तुमच्यासाठी जमाव १००० आणि फेऱ्या २ लाख ठेवा.

फिटनेस, म्हणजे नियम किती चांगला याचा गुण, हा अचूकतेचा काही घात असतो. स्वच्छ कोड्यांसाठी हा घात १० ठेवतात. बागेच्या नोंदी स्वच्छ नसतात, डाग एक दिवस उशिरा दिसतो, पानं ओली राहिल्याचे तास चुकतात. तिथे १० ठेवला तर एक-दोन ओळींवर शंभर टक्के खरे ठरणारे नियम जमाव भरून टाकतात. १ पासून सुरुवात करा.

रकान्यांचं रूपांतर करताना एक चूक हमखास होते. पान ओलं राहिल्याचे तास चार गटांत पाडले (०-२, २-४, ४-८, ८ च्या वर) आणि त्यांना ००, ०१, १०, ११ असे आकडे दिले. नियमात # म्हणजे ‘काहीही चालेल’. मग ०# चा अर्थ ‘चार तासांपर्यंत’ असा नीट लागतो. पण #० चा अर्थ होतो ‘दोनच्या आत किंवा चार ते आठ’. बागेत असं काही नसतं. त्यापेक्षा तीन हो-नाही रकाने करा : दोनच्या वर? चारच्या वर? आठच्या वर? किंवा थेट ‘अमुक ते अमुक’ असा पट्टा घेणारी आवृत्ती वापरा. पायथनमधलं एक्सट्रॅक्स हे याच जातीचं सॉफ्टवेअर आकडे आणि प्रकार दोन्ही एकत्र घेतं, रिकाम्या जागाही चालवून घेतं.

चाचणीसाठी ओळी फेटून वेगळ्या काढू नका. आजचा दिवस कालच्यासारखाच असतो, त्यामुळे काल शिकवून आज परीक्षा घेतली की गुण फुगतात. तीन हंगाम शिकवा, चौथ्यावर तपासा, आणि हे आळीपाळीने चार वेळा करा. ‘दिसला’च्या ओळी कमी पडतात म्हणून त्या शिकवताना तिप्पट दाखवल्या तर चालतील. आठ-नऊपट नको, कारण त्यातली एक चुकीची नोंदही नऊ वेळा खरी होऊन बसते.

निघालेल्या नियमाचा नमुना असा दिसेल : ‘छाटणीनंतरचा दिवस १४ ते ४२, पान ओलं ६ तासांच्या वर, फवारणीला ४ दिवसांच्या वर, किमान तापमान #, तर दिसेल.’ तापमानाच्या जागी # आला तर दचकू नका. युरोपातला डाऊनीचा जुना ठोकताळा ‘तीन दहा’ म्हणून ओळखतात : तापमान १० अंशांच्या वर, पाऊस १० मिलिमीटर, फूट १० सेंटीमीटर. आपल्याकडे ऑक्टोबरात पहिला दहा रोजच पुरा होतो, म्हणून तो काहीच वेगळं सांगत नाही आणि मशीन तो बरोबर सोडून देतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली गेला की हाच रकाना पुन्हा बोलू लागेल. तुमचे ११५ दिवस तिथपर्यंत पोचतात, त्यामुळे दोन्ही प्रकारचे नियम एकाच जमावात निघायला हवेत.

प्रश्न : मी सहा बिटांच्या मल्टिप्लेक्सरवर (काही बिट पत्ता देतात, त्या पत्त्यावरचा बिट हेच उत्तर, असं कोडं) एक्ससीएस लिहिलं. २०,००० फेऱ्या झाल्या तरी अचूकता ६० ते ६५ टक्क्यांवर अडकते, आणि ४०० पैकी ३७० नियम एकमेकांपासून वेगळे आहेत. सेटिंग : जमाव ४००, म्युटेशन ०.४, # ची शक्यता ०.३३, बक्षीस १००० किंवा ०. (नाशिक रोड, अभियांत्रिकी विद्यार्थिनी)

उत्तर : म्युटेशन ०.०४ करा. दशांशचिन्ह एक घर सरकलं आहे, आणि तेवढ्याने सगळं मोडतं. अटीतल्या सहा जागांपैकी एकही न बदलता पिल्लू बाहेर येण्याची शक्यता ०.०४ ला ७८ टक्के असते, ०.४ ला ४.७ टक्के. म्हणजे चांगला नियम सापडला तरी त्याच्या प्रती होत नाहीत. ४०० पैकी ३७० वेगळे दिसतात ते यामुळेच. नीट चाललेल्या एक्ससीएसमध्ये थोडे नियम भरपूर प्रतींनी जमाव व्यापतात. म्युटेशन दुरुस्त करूनही वेगळ्या नियमांचा आकडा उतरला नाही, तर पिल्लू जमावात टाकताना तसाच नियम आधी आहे का हे तुमचा प्रोग्राम बघतो का ते तपासा. असेल तर त्याची संख्या एकाने वाढवायची, नवी ओळ जोडायची नाही.

६० ते ६५ हा आकडाही काही सांगतो आहे. या कोड्यात पहिले दोन बिट पत्ता, पुढचे चार माहिती. ००१०११ मध्ये पत्ता ००, म्हणून माहितीचा पहिला बिट बघायचा, उत्तर १. इथे ००१### : १ हा नियम नेहमी खरा. आता ##१### : १ बघा. पत्ता ०० असेल तेव्हा, म्हणजे चारात एकदा, तो नक्की खरा. उरलेल्या तीन वेळा निम्मा खरा. एकूण ०.६२५. तुमची अचूकता याच आकड्याभोवती घोटाळते आहे, म्हणजे असे ढोबळ नियम राज्य करत असण्याची शक्यता आहे. म्हणून फिटनेसचं सूत्रही ताडून बघा.

या ढोबळ नियमाचं सरासरी बक्षीस ६२५ आणि चूक सुमारे ४६९. फिटनेस थेट बक्षिसावर ठेवला तर ६२५ म्हणजे चांगलीच कमाई, शिवाय तो चौपट वेळा लागू पडतो, म्हणून खऱ्या नियमाला दाबतो. १९९५ मध्ये स्ट्युअर्ट विल्सन यांनी एक्ससीएसमध्ये नेमकं हेच बदललं : फिटनेस बक्षिसावर नाही, बक्षिसाचा अंदाज किती अचूक आहे यावर. चूक १० च्या आत असेल तर अचूकता १. वर गेली तर ०.१ गुणिले (चूक भागिले १०) चा उणे पाचवा घात. ४६९ घालून बघा, दहा अब्जांत साडेचारच्या आसपास येतं. तुमच्या प्रोग्राममध्ये या नियमाला एवढी छोटी किंमत मिळत नसेल तर सूत्राची ओळ चुकली आहे.

बाकी, जेनेटिक अल्गोरिदम निवडलेल्या उत्तराच्या गटातच चालवा, लागू पडलेल्या सगळ्या गटात नाही. तो दोनदा चालण्यामधलं अंतर २५ फेऱ्या ठेवा. अचूकता मोजताना मशीन मुद्दाम कुठलंही उत्तर देऊन बघतं त्या फेऱ्या धरू नका. एकाआड एक धरल्यात तर अगदी परिपूर्ण जमावही ७५ टक्केच दाखवेल. आणि शेवटी आठऐवजी (चार पत्ते, प्रत्येकाचे दोन) सोळा नियम उरले तर ते बरोबर आहे. एक्ससीएस ‘हे उत्तर दिलं तर नक्की ० मिळेल’ असे आठ नियमही जपून ठेवतं. ते पुसू नका.

प्रश्न : मिशिगन आणि पिट्सबर्ग पद्धत यांत फरक काय? (गंगापूर रोड)

उत्तर : मिशिगनमध्ये जमावातला प्रत्येक सदस्य म्हणजे एक नियम, आणि सगळा जमाव मिळून उत्तर. पिट्सबर्गमध्ये प्रत्येक सदस्य म्हणजेच नियमांचा पूर्ण संच, आणि शेवटी सर्वांत चांगला एक संच घ्यायचा. पहिलं नाव मिशिगन विद्यापीठातल्या जॉन हॉलंड यांच्या कामावरून, दुसरं पिट्सबर्गमधल्या स्टीफन स्मिथ यांच्या १९८० च्या प्रबंधावरून. पिट्सबर्गचा संच आटोपशीर निघतो, पण प्रत्येक संच सगळ्या ओळींवर तपासावा लागत असल्याने वेळ खातो. ओळ येईल तशी शिकायची असेल तर मिशिगन.

प्रश्न : हेच डिसिजन ट्रीने (एकेक रकाना तपासत फांद्या पाडणाऱ्या पद्धतीने) होत नाही का? (सिन्नर)

उत्तर : पुष्कळदा होतं, आणि होत असेल तर तेच वापरा. काही सेकंदांत निकाल लागतो. ट्री अडतो तो दोन रकाने एकेकटे काहीच सांगत नाहीत पण एकत्र सगळं सांगतात तिथे. वरच्या मल्टिप्लेक्सरमध्ये पत्त्याचा बिट एकटा बघितला तर उत्तर निम्मं-निम्मं, म्हणून एकेक रकाना पारखणारा ट्री तो पहिल्या फांदीसाठी निवडतच नाही. आधी ट्री लावा, मगच नियमांच्या जमावाकडे वळा.

प्रश्न : सीएनसी लेथवर टिप (धातू कापणारं टोक) कधी बदलायची यासाठी स्पिंडल लोड, व्हायब्रेशन आणि त्या टिपवर निघालेले जॉब यांवरून शिकवलं. चाचणीत चांगलं येतं, पण नियम १२०० आहेत. ऑपरेटरला काय दाखवू? (सातपूर)

उत्तर : १२०० तर नाहीच. गाळणी अशी लावा. ज्या नियमाची अचूकता त्या उत्तराच्या एकूण प्रमाणापेक्षा कमी आहे तो काढा. मग प्रत्येक नियम किती वेगळ्या ओळींना लागू पडतो ते मोजा आणि दहापेक्षा कमी असलेले काढा. इथे प्रोग्रामने दिलेल्या ‘अनुभव’ या आकड्यावर विसंबू नका. त्याच ओळी शेकडो वेळा फिरवल्या जातात, त्यामुळे फक्त दोन ओळींना लागू पडणारा नियमही हजाराचा अनुभव दाखवतो आणि मुरलेला वाटतो. उरलेले नियम अचूकता आणि व्याप (लागू पडणाऱ्या वेगळ्या ओळी) यांच्या गुणाकाराच्या उतरत्या क्रमाने लावा. पहिला घ्या, त्याने समजावलेल्या ओळी खोडा, उरलेल्या ओळींवर पुढचा घ्या, ओळी संपेपर्यंत. या छोट्या संचाची चाचणी पुन्हा घ्या. गुण बरेच पडले तर दहाची अट सैल करा.

मग पट्टे साफ करा. ‘लोड ४२ ते ९७’ असं लिहिलेलं असेल आणि तुमच्या नोंदींत ७८ च्या वर लोड कधी गेलाच नसेल, तर ‘४२ च्या वर’ एवढंच लिहा. पट्टा रकान्याची सगळी लांबी व्यापत असेल तर तो रकाना नियमातून खोडा. उरलेले नियम कागदावर छापून ऑपरेटरसमोर ठेवा आणि एकेक वाचून घ्या. ‘हे असं होत नाही’ असं ते ज्या नियमाला म्हणतील, त्याला लागू पडलेल्या ओळी उघडून बघा. बहुतेक वेळा तिथे सेन्सर सैल असतो किंवा टिप बदलल्यावर जॉबचा काउंटर शून्यावर आणायचा राहिलेला असतो. टिपचा ग्रेड किंवा जॉबचं मटेरियल बदललं तर हे नियम बाजूला ठेवून त्या ग्रेडच्या नोंदींवर नव्याने शिकवा.